कारागृहात सेवेला जायचंय: भजन, विपश्यना की प्रिझन मिनिस्ट्री?

महाराष्ट्रात कारागृहात जाऊन आध्यात्मिक सेवा करू पाहणाऱ्यापुढे मुख्यतः तीन वाटा असतात: आठवड्याचा भजन-सत्संग, विपश्यना ध्यानाच्या शिबिरातली धम्मसेवा (साधकांची व्यवस्था बघणं) आणि कॅथलिक चर्चची प्रिझन मिनिस्ट्री, म्हणजे बंद्यांमधलं सेवाकार्य. निवडताना श्रद्धेच्याही आधी स्वतःचं वेळापत्रक बघा. ज्या बंद्याला भेटायला घरचं कुणी फिरकत नाही, त्याला ‘पुढच्या गुरुवारी येतो’ म्हणून न येणारा माणूस जिव्हारी लागतो.

वाट कुठलीही असो, एकट्याने अर्ज करून सहसा काही होत नाही. नोंदणीकृत संस्थेचं पत्र अधीक्षकांकडे जातं. ओळखपत्र, फोटो आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी लागते, आणि बऱ्याचदा फाइल पुण्याच्या कारागृह मुख्यालयापर्यंत जाते. यात आठवडे जातात, हे धरूनच चाला.

भजनाला सर्वात कमी वेळ लागतो, पण सातत्य सर्वात जास्त. दुपारी बराकी बंद, संध्याकाळी दिवेलागणीच्या आत पुन्हा बंद. त्यात गेटवरची झडती. हातात जेमतेम तासभर उरतो. मोबाईल, घड्याळ, पैसे बाहेर ठेवावे लागतात. कापूर-काडेपेटी आत जात नाही, आणि प्रसादही आधी विचारल्याशिवाय नेऊ नका. गाण्यांच्या झेरॉक्स पिना न लावता न्या. या वाटेवर बिघडतं ते एकाच कारणाने: पाहुणा चाळीस मिनिटं प्रवचन देतो आणि बंदी नुसते बसून राहतात. टाळ-पखवाज त्यांच्या हातात द्या, आपण मागे बसून ध्रुवपद धरा. राज्यातल्या बंद्यांची संत तुकारामांच्या नावाने आंतरकारागृह भजन-अभंग स्पर्धा झालेली आहे. आत गाणारे गळे भरपूर आहेत. मुंबई, ठाणे, तळोजा इथे हिंदी बोलणारे बरेच असतात, तेव्हा कबीराचे दोहेही जवळ असू द्या.

विपश्यनेचं गणित वेगळं. 1975 साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंकाजींनी कारागृहातलं पहिलं शिबिर घेतलं. 1994 मध्ये तिहारमध्ये एकाच शिबिरात हजाराहून जास्त बंदी बसले. इथे सेवकाने आधी स्वतः दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेलं असावं लागतं. कारागृहासाठी अनुभवी साधकच घेतात. पुरुषांसाठी पुरुष सेवक, स्त्रियांसाठी स्त्रिया. शिकवणं सहायक आचार्यांचं; तुमच्याकडे जेवण, घंटा, शिस्त. दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि रात्री नऊला संपतो, म्हणजे दहा-बारा दिवसांची सलग रजा हवी.

अडचणी ठरलेल्या आहेत. शिबिरासाठी वेगळी बराक मिळाली नाही तर मौन टिकत नाही. बिडी-तंबाखू सुटल्यामुळे पहिले दोन-तीन दिवस चिडचिड असते. आणि मधेच कोर्टाची तारीख आली की माणूस उठून जातो. देशातल्या कारागृहांत चारांपैकी तिघं न्यायबंदी, म्हणजे खटला अजून चालू असलेले आहेत, म्हणून नावं घेतानाच प्रत्येकाच्या तारखा तपासा. गंभीर मानसिक आजार असलेल्याला बसवू नका. शिबिरानंतर आठवड्याची सामूहिक साधना ठेवली नाही, तर गच्च भरलेल्या बराकीत सकाळ-संध्याकाळचा साधनेचा तास फार दिवस टिकत नाही. खरं काम इथून पुढचं आहे, आणि नेमकं त्यालाच माणूस मिळत नाही.

प्रिझन मिनिस्ट्री इंडिया 1981 साली केरळमध्ये सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केली. संत मॅक्सिमिलियन कोल्बे तिचे आश्रयदाते. प्रार्थनेइतकाच भर सुटलेल्यांच्या पुनर्वसनावर आणि बंद्यांच्या मुलांवर आहे. आत जाणं ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी ही वाट उत्तम, कारण बाहेरचं कामही तितकंच असतं. प्रार्थनेला मात्र स्वतःहून येणाऱ्यालाच बसवा. आग्रहाचा वास आला तरी परवानगी जाते.

तिन्ही ठिकाणी दोन गोष्टी सांभाळा. न्यायबंद्यासमोर पापक्षालन, पश्चात्ताप असं बोलू नका. त्याचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. गुन्हा कोणता, हेही विचारू नका. दुसरं, चिठ्ठी किंवा फोन नंबर बाहेर नेऊ नका, अगदी ‘फक्त आईला सांगा’ असला निरोपही. तुमची सेवा बंद होईल, त्याच्यावर शिक्षा ओढवेल. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं नाव सांगा आणि तुरुंगाधिकाऱ्याच्या कानावर घाला.

नोकरी सांभाळून आठवड्याला अर्धा दिवस निघत असेल तर भजनापासून सुरुवात करा. रजा आहे आणि स्वतःची साधना मुरलेली आहे, तर धम्मसेवा. मुलांसाठी, सुटलेल्यांसाठी काही करावंसं वाटत असेल तर मिनिस्ट्री किंवा तसंच काम करणारी जवळची संस्था. आणि अर्जात पहिल्यापासूनच एका बदली माणसाचं नाव घाला. तुम्ही आजारी पडलात तर त्या गुरुवारी गेटवर कुणीतरी उभं असलं पाहिजे.