मराठी मजकुरावर स्विफ्टचं सबस्ट्रिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ अडतीसाठी पट्टी (शेतकऱ्याला द्यायची विक्रीची पावती) काढायचं आयपॅडवरचं ॲप गेले काही महिने स्विफ्टमध्ये, म्हणजे ॲपलच्या प्रोग्रामिंग भाषेत, चालवतोय. शेतकऱ्याचं नाव, गाव, रवे (गुळाच्या ढेपा), शेरा, दर, सगळं मराठीत. म्हणजे कोडचं मुख्य काम एकच: ओळ तोडा, तुकडा काढा, पावतीच्या रकान्यात बसवा. आधी हेच जावा या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत करायचो, म्हणून तुलना जावाशी.

सगळ्यात आवडलं ते आधी सांगतो. रकाना अरुंद आणि गाव गडहिंग्लज. जावात सबस्ट्रिंगला (मजकुराचा तुकडा काढणाऱ्या फंक्शनला) शून्य ते चार सांगितलं की 'गडहि' मिळतं, अनुस्वार तुटतो. शून्य ते तीन सांगितलं तर वेलांटीही जाते, उरतं 'गडह'. तिथली मोजणी यूटीएफ-१६ (मजकूर साठवायची एक पद्धत) च्या एककांत चालते; काना, वेलांटी, हलन्त सगळे सुटे मोजले जातात. ब्रेकइटरेटर (अक्षरं कुठे तोडायची ते सांगणारं जावातलं साधन) वापरून हे सांभाळता येतं, पण दर ठिकाणी आठवणीनं वापरावा लागतो. स्विफ्टमध्ये प्रीफिक्स तीन, म्हणजे सुरुवातीची तीन अक्षरं, मागितलं की सरळ 'गडहिं' येतं. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या कागदावर त्याच्या गावाचं नाव मोडकं छापलं जाऊ नये, एवढ्यासाठीसुद्धा मी स्विफ्ट घेईन.

तुलनेचंही तसंच. 'कुऱ्हाडे' मधला ऱ कुणाच्या कीबोर्डवरून एकसंध येतो, कुणाच्या र आणि खालचा नुक्ता (टिंब) असा. स्विफ्टचं बरोबरीचं चिन्ह दोन्ही एकच मानतं. जावात आधी नॉर्मलायझर (अशी रूपं एकसारखी करणारं साधन) फिरवावा लागतो.

आता मेमरी. सबस्ट्रिंग हा वेगळा टाइप (डेटाचा प्रकार) २०१७ साली स्विफ्ट ४ मध्ये आला. तुकडा काढताना अक्षरांची प्रत होत नाही, तो मूळ मजकुराच्याच जागेकडे बोट दाखवतो. त्यामुळे दिवसाची अख्खी फाईल फोडणं स्वस्तात होतं. पण त्यातलं एक गावाचं नाव जपून ठेवलंत, तर सगळ्या फाईलचा मजकूर मेमरीत अडकून राहतो. जावातही पूर्वी अशीच सामायिक जागा असायची. २०१२ च्या जावा ७ अपडेट ६ पासून तिथे सरळ प्रत होते. स्विफ्टनं बचत ठेवली आणि धोका टाइपमध्येच दाखवला: मॉडेलमध्ये (माहिती ठेवायच्या साच्यात) स्ट्रिंग, म्हणजे स्वतंत्र मजकुराचा टाइप, लिहिलं असेल तर सबस्ट्रिंग तिथे बसतच नाही, कंपायलर (कोड तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम) अडवतो. मग स्ट्रिंग करून घ्यायचं, प्रत तेव्हा होते. मला ही रचना मनापासून पटते.

इंडेक्सचं (मजकुरातल्या अक्षराच्या जागेचं) लिखाण मात्र लांबलचक आहे. पाचवं अक्षर हवं तर कंसात पाच लिहून चालत नाही. स्टार्टइंडेक्सपासून (मजकुराच्या सुरुवातीपासून) ऑफसेट, म्हणजे अंतर, मोजत जावं लागतं. अक्षरांची मेमरीतली लांबी कमीजास्त असते, त्यामुळे कारण रास्त आहे, पण नव्या पोरांना शिकवताना दम लागतो. पावती क्रमांकासारख्या साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांसाठी आम्ही यूटीएफ-८ व्ह्यूवर (मजकुराच्या सुट्या बाइट्सवर) काम करतो, ते बरं पडतं.

आणि स्प्लिट, म्हणजे ओळ तोडायचं फंक्शन, जपून वापरा. उभ्या रेघेवर ओळ तोडली आणि शेरा रिकामा असेल, तर तो रकानाच गायब होतो आणि दर शेऱ्याच्या जागी सरकतो. रिकामे तुकडे वगळणं हीच तिची मूळ सवय आहे. स्प्लिटला ओमिटिंग-एम्प्टी-सबसिक्वेन्सेस फॉल्स द्या (म्हणजे रिकामे तुकडे वगळू नको, असं सांगा), किंवा ॲपलच्या फाउंडेशन लायब्ररीचं कंपोनंट्स-सेपरेटेड-बाय घ्या. ते रिकामे रकाने ठेवतं, पण थेट स्ट्रिंग देतं, म्हणजे प्रत आलीच. मोठ्या फाईलला आम्ही पहिलाच मार्ग ठेवलाय.