जुना वाडा लोकांसाठी खुला करताना: अभ्यासिका की सभागृह?

एखादा दुमजली वाडा मालकाने सार्वजनिक न्यासाकडे सोपवला, की विश्वस्तांपुढे बहुधा दोन प्रस्ताव येतात. एक वाचनालय आणि अभ्यासिकेचा, दुसरा बारशापासून व्याख्यानापर्यंत सगळ्याला चालेल अशा सभागृहाचा. गरज दोन्हींची असते, म्हणून चर्चा लगेच उत्पन्नावर घसरते. माझ्या मते ती आधी वाड्याच्या तुळयांवर व्हायला हवी.

वाड्याची माडी राहण्यासाठी बांधलेली असते: लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट (आडव्या कड्या आणि त्यांवरच्या फळ्या) आणि वर मातीचा थर. आजच्या भारतीय मानकांत राहत्या घराच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार गृहीत धरतात. पुस्तकांचा साठा वेगळ्या जागी असेल तर वाचनकक्षासाठी हाच आकडा ३०० होतो आणि खुर्च्या हलवता येणाऱ्या सभागृहासाठी ५००. म्हणजे माडीवर सभागृह करायचे तर बहुतेक वेळा लोखंडी तुळया घालाव्या लागतात आणि वाड्यात वाड्यापेक्षा लोखंडच जास्त दिसू लागते. अर्थात वाचनालयही तितकेसे निरुपद्रवी नाही, कारण पुस्तकांच्या कोठारासाठी ६०० किलो आणि त्याहून अधिक भार धरावा लागतो. पुस्तकांची कपाटे तळमजल्यावर, जोत्यावरच्या खोल्यांत आणि टेबले माडीवर, ही विभागणी पहिल्या दिवशीच ठरवावी.

दुसरा फरक पाण्याचा आहे. सभागृह म्हटले की स्वयंपाक, भांडी धुण्याची मोरी आणि मोठी स्वच्छतागृहे आलीच, आणि लाकडी सांगाड्याला ओलीइतका शत्रू नाही. एका वाड्यात मोरीलगतच्या भिंतीला ओल चढते म्हणून सिमेंटचा गिलावा केला होता. बाहेरून भिंत कोरडी ठणठणीत दिसत होती. पण गिलावा फोडून तळखड्याजवळ, म्हणजे खांबाखालच्या दगडाजवळ, खांबाला पेचकस टेकवला, तर तो बोटभर आत गेला. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. उपयोग कोणताही ठरवा, दुरुस्ती चुन्यानेच करावी आणि स्वच्छतागृहे वाड्याला न चिकटवता परसात बांधावीत. अभ्यासिकेला ती लहान पुरतात, हा तिचा मोठा फायदा.

उत्पन्नात मात्र सभागृह सरळ पुढे आहे. शासनमान्य सार्वजनिक वाचनालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळते, पण त्यावर कौले शाकारणे आणि वाळवीचा बंदोबस्त दरवर्षी भागेल अशी आशा धरू नये. अभ्यासिकेच्या मासिक शुल्काने थोडा हातभार लागतो, एवढेच.

उदाहरणे पाहताना एक चूक सर्रास होते. भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय किंवा मुंबईचे डेव्हिड ससून ग्रंथालय यांच्या जीर्णोद्धाराचे दाखले दिले जातात. कामे उत्तमच आहेत, पण तिथे इमारतीचा मूळ उपयोग बदललेला नाही. वाड्याच्या विश्वस्तांना पुण्याचा विश्रामबागवाडा अधिक शिकवतो. दुसऱ्या बाजीरावाच्या या निवासस्थानात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा भरू लागली, पुढे नगरपालिकेचे कामकाज चालले आणि टपाल कार्यालयही आले. ही कामे दालनादालनांत विभागून बसणारी आहेत. शेकडो माणसे एका वेळी एका लाकडी तक्तपोशीवर उभी करणारी नाहीत.

म्हणून माडी भक्कम असली तरी माझा कौल वर अभ्यासिका, खाली पुस्तके आणि मधल्या चौकात सभा-व्याख्याने यांना आहे. चौकात भार थेट जमिनीवर येतो आणि त्याचे भाडेही घेता येते, फक्त पावसाळ्याचे चार महिने सोडून द्यावे लागतात. लग्नकार्ये मिळणार नाहीत, हे विश्वस्तांनी मान्य करूनच मतदान घ्यावे. तत्पूर्वी एक दिवस स्थापत्य अभियंत्यासोबत एक जुना सुतारही बोलवावा आणि प्रत्येक तुळईचे भिंतीत शिरलेले टोक त्याच्याकडून ठोकून पाहावे. लाकूड कुजायला सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते आणि नकाशात ते दिसत नाही.