विकतचा अँटीव्हायरस सोडून नुसत्या डिफेंडरवर: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सुमारास घरच्या डेस्कटॉपवरच्या अँटीव्हायरसची मुदत संपली. या वेळी नवी लायसन्स की विकत घ्यायची नाही असं ठरवलं आणि तेव्हापासून मशीन नुसत्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडरवर चाललंय. म्हणजे विंडोजबरोबर फुकट येतो तोच. मशीन साधं आहे, आठव्या पिढीचा आय-थ्री, आठ जीबी रॅम, विंडोज ११. वापरणारे मात्र भारी आहेत. अप्पांचं नेटबँकिंग आणि रोजच्या पेपरची पीडीएफ, बायकोच्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका, आणि सुट्टीत येणारा पुतण्या, ज्याला प्रत्येक गेम फुकट हवा असतो.

आपल्याकडे अँटीव्हायरस ही विकत घ्यायचीच वस्तू, असं डोक्यात पक्कं बसलंय. त्याला कारणही आहे. काटकर बंधूंचं क्विक हील हे अँटीव्हायरस पुण्यातच उभं राहिलं, जिल्ह्याच्या गावातल्या दुकानांपर्यंत पोचलं, आणि कॉम्प्युटर घेतला की अँटीव्हायरसचा डबा घ्यायचा ही रीतच पडली. (माझ्याकडे होता तो वेगळा, त्याचं नाव घेत नाही. मुदत संपायच्या महिनाभर आधीपासून तो व्हायरसपेक्षा जास्त भीती घालायचा.) डिफेंडरला लोक नाक मुरडायचे तेही उगाच नव्हतं. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये जायंट नावाची कंपनी घेतली, तिच्या स्पायवेअर (चोरून माहिती पळवणारी सॉफ्टवेअरं) पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून हा जन्माला आला. पूर्ण अँटीव्हायरस म्हणून विंडोजमध्ये आला तो २०१२ साली, विंडोज ८ बरोबर, आणि पुढची काही वर्षं चाचण्यांमध्ये मागेच राहिला. आज जर्मनीतल्या एव्ही-टेस्टच्या चाचण्यांत तो विकतच्यांच्या बरोबरीने गुण घेतो. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्हजच्या निकालांत मात्र एक गोष्ट दिसते. नेट बंद असताना त्याची पकड बरीच ढिली पडते, कारण तो क्लाउडवर, म्हणजे नेटवरून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरना विचारण्यावर, फार अवलंबून आहे. ज्यांच्या घरी नेट दिवसाचे काही तासच असतं त्यांनी हे लक्षात घ्यावं.

जुना अँटीव्हायरस पूर्ण निघेपर्यंत डिफेंडर बाजूला सरून बसतो, तेव्हा आधी तो नीट काढा. नंतर मी आयकारची चाचणी फाइल उतरवून बघितली. ६८ अक्षरांचा निरुपद्रवी मजकूर आहे, पण सगळे अँटीव्हायरस तो व्हायरस म्हणूनच धरतात. डिफेंडरने ती डाउनलोड होताहोताच उचलली. एवढ्याने तो चांगला आहे हे ठरत नाही, जागा आहे एवढं कळतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शनच्या आत ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाचं बटण आहे. २०१७ पासून आहे, पण मुळात बंद असतं. ते चालू केलं की ओळखीचं नसलेलं कुठलंही सॉफ्टवेअर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरांतल्या फाइलींत बदल करू शकत नाही. रॅन्समवेअरचं, म्हणजे खंडणी उकळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, सगळं काम फाइली उघडून त्या कुलूपबंद करून परत लिहिण्याचं असतं, तेच इथे अडतं. ओळखीतल्या एका फोटो स्टुडिओवाल्याचे लग्नांचे अल्बम असेच गेले होते. फोटो एडिटिंगचं क्रॅक केलेलं, म्हणजे कुलूप तोडून फुकट केलेलं, सॉफ्टवेअर टाकलं आणि तासाभरात प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी. ९८० डॉलर द्या, ७२ तासांत आलात तर निम्मे, ४९०. स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात तो हाच प्रकार. तो मुख्यतः क्रॅक आणि कीजेन (खोटी लायसन्स की बनवणारी सॉफ्टवेअरं) यांमधूनच पसरतो.

पण आपल्या घरांत खरा माल असतो डी ड्राइव्हवर. सी ड्राइव्हवर काही ठेवायचं नाही, फॉरमॅट मारला की जातं, हे आपल्याला पहिल्या कॉम्प्युटरवाल्याने शिकवलेलं असतं. कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेसला तुमचा डी ड्राइव्ह माहीत नसतो. ‘प्रोटेक्टेड फोल्डर्स’मध्ये जाऊन प्रश्नपत्रिकांचा, फोटोंचा, हिशेबाचा फोल्डर हाताने जोडावा लागतो. हे न करता नुसतं बटण दाबून निर्धास्त झालेले दोघेतिघे मला माहीत आहेत.

त्रासही इथेच आहे. आमच्या जुन्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर पिक्चर्समध्ये फाइल ठेवायला गेलं की अडायचं आणि ‘फाइल सापडली नाही’ असा भलताच संदेश द्यायचं. खरं कारण उजव्या कोपऱ्यात क्षणभर चमकून जाणाऱ्या सूचनेत असतं, ती कोण वाचतो? ‘रिसेंटली ब्लॉक्ड ॲप्स’मध्ये जाऊन एकदा परवानगी दिली की प्रश्न मिटतो. पहिले दोन-तीन आठवडे घरातून हाका येतील, त्याची तयारी ठेवा. नंतर शांत झालं. जोडीला ‘रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन’मध्ये नको असलेली ॲप्स आणि डाउनलोड्स अडवणाऱ्या दोन्ही चौकटींत टिक आहे ना, तेही बघून घ्या. फुकट पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर चिकटून येणारी टूलबारं तिथेच गळतात.

दुसरा बदल फुकटातलाच. ॲडमिन खातं माझ्याकडे, बाकी सगळ्यांना स्टँडर्ड खाती. पुतण्या गेमचं मॉड (गेममध्ये फेरफार करणारी फाइल) घेऊन आला, त्यासोबतच्या सूचनांत पहिलीच ओळ होती, आधी अँटीव्हायरस बंद करा. तो बंद करायला पासवर्ड लागतो म्हटल्यावर काका वाईट ठरला, हरकत नाही. खरं तर कुठल्याही अँटीव्हायरसची कसोटी इथे लागतच नाही. घरातलंच माणूस त्याला बाजूला करत असेल तर तो विकतचा असो की फुकटचा, काय करणार?

पेनड्राइव्हचं थोडक्यात. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेल्या पेनड्राइव्हमध्ये सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले, हे दृश्य अजूनही दिसतं. डिफेंडरने शॉर्टकट आणि त्यामागचा किडा उडवला, पण लपवलेले मूळ फोल्डर लपलेलेच राहिले. बायकोला वाटलं, प्रश्नपत्रिका गेल्या. त्या तिथेच असतात. फोल्डरांवर हिडनच्या जोडीला सिस्टिम असाही शिक्का मारलेला असतो, म्हणून ‘हिडन आयटम्स’वर टिक करूनही दिसत नाहीत. कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब कमांडने दोन्ही शिक्के काढले की हजर. आता प्रिंटसाठी फाइल दुकानदाराच्या ईमेलवर जाते.

डिफेंडर कुठे तोकडा पडला? ब्राउझरमध्ये. एके दिवशी अप्पांच्या स्क्रीनवर कोपऱ्यातून लाल सूचना यायला लागल्या, तुमच्या संगणकात इतके व्हायरस, लगेच रिन्यू करा, वर एका नामांकित अँटीव्हायरसचं चिन्ह. पूर्ण स्कॅन केला, मशीन रीस्टार्ट करून ऑफलाइन स्कॅनही केला, काहीच नाही. निघणारही नव्हतं, कारण मशीनमध्ये व्हायरसच नव्हता. पेपरची पीडीएफ फुकट देणाऱ्या कुठल्याशा साइटने ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा’ म्हटलं होतं, अप्पांनी दाबलं होतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन्सखाली त्या साइटचं नाव काढलं आणि साइट्सनी विचारणंच बंद करून टाकलं. सोबत जाहिराती अडवणारं एक्स्टेंशनही टाकलं, फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन. क्रोममध्ये आता त्याची लाइट आवृत्तीच चालते. अप्पांची तक्रार एवढीच की पेपरची पानं आता रिकामी रिकामी वाटतात.

याच वाटेने येणारा वाईट प्रकार म्हणजे खोटा कॅप्चा, ‘रोबोट नाही हे दाखवा’ म्हणणारी ती चौकट. तो सांगतो, विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. साइटने गुपचूप कॉपी करून ठेवलेली कमांड माणूस स्वतःच्या हाताने चालवतो आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, लॉगिनच्या कुकीज पळवणारं स्पायवेअर आत येतं. लुमा त्यातलंच एक. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणि पोलीस यंत्रणांनी त्याच्यावर कारवाई केली, तेव्हा आधीच्या दोनच महिन्यांत ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटरांना त्याची लागण झाल्याचं कंपनीने सांगितलं. अप्पांच्या मॉनिटरखाली मी कागद चिकटवलाय: स्क्रीनवर फोन नंबर दिसला तर तो मायक्रोसॉफ्टचा नाही, एनीडेस्क (दुसऱ्याला दुरून आपलं मशीन चालवू देणारं ॲप) कुणालाही द्यायचं नाही, पैसे गेलेच तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

वेगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एसएसडीवर फरक जाणवत नाही. जुन्या हार्ड डिस्कवर मात्र पूर्ण स्कॅन रेंगाळतो, तो जेवायच्या वेळेला लावावा.

कुणी हे करू नये? विंडोज १० वर अडकलेल्यांनी नुसत्या डिफेंडरच्या भरवशावर राहू नये. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला. डिफेंडरच्या व्याख्या, म्हणजे नवे व्हायरस ओळखायच्या खुणा, पुढेही येत राहणार आहेत, २०२८ पर्यंत, त्यामुळे हिरवी टिक दिसते आणि माणूस फसतो. विंडोजमधली भोकं त्या व्याख्यांनी बुजत नाहीत. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर आठवा, मार्च २०१७ मध्ये भोक बुजवणारा पॅच निघाला होता, मे महिन्यात तो न टाकलेली मशीनं पटापट पडली. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाच्या तशाच हल्ल्याने न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल बंद पाडलं. ज्यांचं मशीन विंडोज ११ घेत नाही, त्यांनी निदान ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करावी. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच ती सोय आहे.

मी की न घेता वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घेतली. ती बॅकअपपुरती जोडायची आणि काढून कपाटात ठेवायची, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. डिफेंडरला माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण त्या न वाचता येणाऱ्या सूचनांसाठी कापलाय.