प्रिंटमेकिंगला 78 मार्क, प्रेस मात्र पाहिलाच नाही

परभणीत एका खासगी शाळेत चित्रकला शिकवते. बी.एफ.ए. संभाजीनगरला झालं. कॉलेजात शिकवायचं तर नेट ही पात्रता परीक्षा पाहिजे आणि नेटला 55 टक्क्यांनी मास्टर्स, म्हणजे माझ्यासाठी एम.एफ.ए., पाहिजे. मुंबईत दोन वर्षं राहायचं म्हणजे नोकरी सोडा, खोलीभाडं भरा. घरात ते जमण्यासारखं नव्हतं. नेमकी हीच नस एम.एफ.ए.चं 'केंद्र' चालवणाऱ्या एका माणसाला सापडली.

झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या, बाहेर परराज्यातल्या एका विद्यापीठाचा बोर्ड. "मॅडम, शनिवार-रविवार या. नाही जमलं तरी चालतंय, सबमिशन तेवढं वेळेवर द्या." फी वर्षाला 45 हजार. अण्णांनी मोंढ्यातून सोयाबीनची पट्टी आणली आणि त्यातले 30 हजार तसेच माझ्या हातात ठेवले. पावती मागितली तर म्हणे विद्यापीठाकडून येईल. बाकीचे यूपीआयवर पाठवले, तेही कुठल्याशा बाईच्या नावावरच्या खात्यात. तेव्हा चुकचुकलं होतं, पण विचारलं नाही.

त्या खोलीत प्लास्टिकच्या वीसेक खुर्च्या होत्या. ईझल नाही, चित्र काढायला बसायची डाँकी (बाक) नाही, टर्पेंटाइनचा वास नाही. फरशीवर रंगाचा एक ठिपका नव्हता! आर्ट स्कूलमध्ये चार वर्षं काढलेल्या बाईला एवढ्यावरून कळायला हवं होतं. पुढं मार्कशीट आली: पोर्ट्रेट 71, कॉम्पोझिशन 74, प्रिंटमेकिंग 78. प्रिंटमेकिंगला, म्हणजे छापचित्रांना, लागणाऱ्या एचिंग प्रेसचं चाक मी बी.एफ.ए.नंतर फिरवलं नव्हतं. तरी मला आनंदच झाला. फोटो काढून स्टेटसला ठेवला, मामानं पेढे मागितले.

शेवटच्या सेमिस्टरला 'जूरीसाठी', म्हणजे परीक्षकांना दाखवायला म्हणून सहा कॅनव्हास नेऊन दिले, तीन बाय चार फुटांचे.

डिग्री हातात आल्यावर तासिका तत्त्वावरच्या एका जागेसाठी गेले. तिथल्या हेडक्लार्कनं कागद दोनदा उलटा-सुलटा केला. "ताई, विद्यापीठ खरं आहे. पण ते परभणीत कसं काय आलं?"

मी चुकले ते इथं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) साइटवर बोगस विद्यापीठांची यादी असते, ती मी प्रवेशाआधी पाहिली होती. नाव त्यात नव्हतं म्हणून निर्धास्त झाले. नाव नसणारच, विद्यापीठ खरंच होतं, केंद्र खोटं होतं. राज्याच्या कायद्यानं झालेल्या खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर असली केंद्रं काढता येत नाहीत, हे मला नंतर कळलं. आणि दूरस्थ शिक्षणाच्या यूजीसीच्या 2020 च्या नियमांत जे विषय घरबसल्या शिकवायला बंदी आहे, त्यांत इंजिनिअरिंग, नर्सिंगच्या जोडीला दृश्यकलाही आहे. म्हणजे 'शनिवार-रविवारची एम.एफ.ए.' ऐकल्याबरोबर उठायला हवं होतं. विद्यापीठाला मेल केला, दोन दिवसांत उत्तर आलं: असं केंद्र आमचं नाही, हा नोंदणी क्रमांक आमच्या रेकॉर्डला नाही. हाच मेल पैसे भरण्याआधी केला असता तर फुकटात काम झालं असतं. तुम्ही तो करा. फोन बोर्डावरच्या नंबरला लावू नका, विद्यापीठाच्या साइटवरून नंबर काढून कुलसचिवांच्या कार्यालयाला लावा.

पोलिसांत अर्ज दिलाय. यूपीआयच्या नोंदी त्यांनी घेतल्या. अण्णांच्या 30 हजारांचं काय, तर "रोख दिले याला पुरावा?" म्हणून विचारलं. पुरावा नाही. अण्णा त्याबद्दल बोलत नाहीत, आणि ते न बोलणंच जास्त लागतं.

मागच्या महिन्यात कॅनव्हास मिळतात का बघायला पुन्हा तिथं गेले. वर आता ब्यूटीपार्लरचा क्लास आहे. खालच्या झेरॉक्सवाल्यानं ओळखलं. चित्रांचं त्याला ठाऊक नव्हतं. म्हणाला, "सर गेले तेव्हा आमचीबी उधारी बुडाली ताई. रंगीत प्रिंटा सगळ्या आमच्याकडनंच काढायचे. कागद मात्र ते सोताचा आणायचे, चांगला जाड."