गेम डिझाइन शिकायचे तर कुठे? चार पर्यायांचा तुलनात्मक आढावा

बारावी झालेल्या आणि व्हिडिओ गेम तयार करण्याचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्यापुढे आज प्रामुख्याने चार पर्याय आहेत: खासगी विद्यापीठातील गेम डिझाइनची बी.डेस. (बॅचलर ऑफ डिझाइन) किंवा बी.एस्सी. पदवी, संगणक अभियांत्रिकी, आधी डिझाइनची सर्वसाधारण पदवी व नंतर गेम डिझाइनमधील पदव्युत्तर शिक्षण, आणि परदेशी विद्यापीठ. तुलनेला लागण्याआधी माझे मत नोंदवणे बरे. बहुतेक विद्यार्थ्यांच्या पहिल्या पदवीवर ‘गेम डिझाइन’ हे नाव असण्याची गरज नाही. त्या तीन-चार वर्षांत पूर्ण केलेले आणि अनोळखी लोकांनी खेळून पाहिलेले तीन-चार गेम हाताशी असणे मात्र गरजेचे आहे, कारण स्टुडिओत मुलाखतीच्या वेळी गुणपत्रिकेआधी पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामांचा संग्रह, उघडला जातो.

मुळात गेम डिझायनर काय करतो, याविषयी बराच गोंधळ आढळतो. पात्रे आणि दृश्ये घडवणे हे आर्टिस्टचे काम, ती चालती-बोलती करणे हे प्रोग्रॅमरचे आणि खेळाचे नियम, स्तरांची रचना, अडचणीचा चढ व बक्षिसांचा हिशेब ठरवणे हे डिझायनरचे. उडी किती उंच असावी, शत्रू किती फटक्यांत पडावा, नाणी कोणत्या दराने मिळावीत, असल्या प्रश्नांवर त्याचा दिवस जातो आणि त्यातला मोठा भाग स्प्रेडशीटसमोर जातो. ज्याला चित्रांची ओढ आहे त्याने गेम डिझाइनऐवजी ॲनिमेशन किंवा थ्रीडी आर्टचा अभ्यासक्रम पाहावा. परदेशी गेमसाठी कलाकाम करून देणारे स्टुडिओ भारतात बऱ्याच वर्षांपासून आहेत. 1997 मध्ये बंगळुरूत सुरू झालेली आणि 2019 मध्ये रॉकस्टार या अमेरिकी गेम कंपनीने विकत घेतलेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनी त्याचे ठळक उदाहरण. नवख्या आर्टिस्टला मिळणाऱ्या जागा नवख्या डिझायनरला मिळणाऱ्या जागांपेक्षा आपल्याकडे कितीतरी अधिक असतात.

विद्यापीठीय विषय म्हणून हे शिक्षण तसे तरुणच आहे. स्कॉटलंडमधील डंडी शहरातल्या ॲबर्टे विद्यापीठाने 1997 मध्ये संगणकीय खेळांची पदवी सुरू केली आणि ती जगातील अशी पहिली पदवी मानली जाते. चांगल्या अभ्यासक्रमात पहिल्या सत्राला संगणकाला हात न लावता कागद, फासे आणि सोंगट्यांवर खेळ तयार करायला लावतात, म्हणजे दोष झाकायला ग्राफिक्सचा आडोसा मिळत नाही. त्यानंतर येते प्लेटेस्ट. आपला गेम दुसरा कोणी खेळत असताना विद्यार्थ्याने वही घेऊन मागे उभे राहायचे आणि काहीही झाले तरी तोंड उघडायचे नाही. ज्या दारावर त्याने दोन दिवस घालवलेले असतात ते दार खेळणाऱ्याला दिसतच नाही, तो शेजारच्या भिंतीला धडका देत राहतो. मग दारावर दिवा लावावा, भिंतीचा रंग मंद करावा की दारच खेळाडूच्या वाटेवर आणावे, यावर तासभर चर्चा होते. हे शिक्षण एकट्याने घरी बसून जवळजवळ मिळत नाही, आणि म्हणून कोणत्याही पर्यायाची किंमत करताना तिथे अशी चाचणी किती वेळा होते, हे पाहावे.

आता पहिला पर्याय. पुण्या-मुंबईतील खासगी विद्यापीठांत बी.डेस.च्या छत्राखाली गेम डिझाइन ही शाखा आता सहज आढळते. महाराष्ट्राबाहेर हैदराबादच्या बॅकस्टेज पाससारख्या, निव्वळ गेमनिर्मितीवर भर देणाऱ्या संस्थाही आहेत. या मार्गाचा मोठा फायदा म्हणजे सोबत. चार वर्षे समान वेडाची मुले एका छताखाली असतात आणि गेम करणे हाच अभ्यास असल्याने त्यासाठी वेळ चोरावा लागत नाही. खर्च मात्र जबर असतो. अनेक ठिकाणी वर्षाला तीन ते पाच लाख रुपये शुल्क, त्यावर वसतिगृह आणि चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक, असा विचार केला तर चार वर्षांत पंधरा-वीस लाखांचा आकडा सहज गाठला जातो आणि त्यासाठी काढलेल्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरुवातीच्या पगाराचा बराचसा वाटा खातो. दुसरी अडचण अशी की काही ठिकाणी हा अभ्यासक्रम म्हणजे ॲनिमेशनच्या जुन्या अभ्यासक्रमाला जोडलेली दोन-तीन सत्रे असतात. विद्यार्थी थ्रीडी मॉडेल उत्तम करतो, पण त्याचा एकही गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येत नाही. प्रवेशमेळाव्यात व्हीआर चष्मा लावून फोटो काढून घेण्यापेक्षा गेल्या वर्षीच्या अंतिम वर्षाचे गेम स्वतः खेळायला मागावेत. ते दाखवायला टाळाटाळ झाली, तर आपले उत्तर मिळाले असे समजायला हरकत नाही. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांच्या नावावर प्रकाशित गेम आहे आणि मिळणारी पदवी विद्यापीठाची आहे की संस्थेचे नुसते प्रमाणपत्र, हेही तिथल्या तिथे विचारावे.

संगणक अभियांत्रिकीची बाजू पालकांना पटवावी लागत नाही, त्यामुळे ती इथे लांबवण्याचे कारण नाही: गेमचे जमले नाही तरी सॉफ्टवेअरची नोकरी उरते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. समजा, गेममधल्या पहारेकऱ्याला खेळाडू दिसतो की नाही हे ठरवायचे आहे. पहारेकऱ्याच्या नजरेची दिशा हा एक सदिश, त्याच्यापासून खेळाडूकडे जाणारी दिशा हा दुसरा. दोन्हींची लांबी एक धरून त्यांचा अदिश गुणाकार केला की त्यांमधील कोनाची कोसाइन किंमत मिळते, आणि ती ठरावीक मर्यादेहून मोठी असेल तर खेळाडू पहारेकऱ्याच्या नजरेच्या कोनात आला. बारावीत गुणांसाठी पाठ केलेले हे गणित गेम प्रोग्रॅमर रोज वापरतो. ज्याला ते आवडते, त्याला अभियांत्रिकी ही प्रवेशाची सर्वांत रुंद वाट आहे, कारण प्रोग्रॅमरची टंचाई प्रत्येक स्टुडिओला भासते. उणीव एवढीच की आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सबमिशन, जर्नल आणि तोंडी परीक्षा यांच्या धबडग्यात गेमला वेळ राहत नाही आणि केलेल्या कामावर डिझाइनच्या अंगाने टीका करणारे कोणी भेटत नाही. जानेवारीच्या सुमारास जगभर एकाच वेळी होणारा ग्लोबल गेम जॅम 2009 पासून चालू आहे. अशा जॅममध्ये, म्हणजे दोन-चार दिवसांत संघाने एक गेम पुरा करण्याच्या मेळाव्यात, आर्टिस्ट आणि डिझायनर यांच्याशी गाठ पडते आणि ही उणीव काही अंशी भरून निघते.

तिसऱ्या पर्यायाकडे माझा स्पष्ट कल आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात यूसीड परीक्षेतून बी.डेस.ला प्रवेश मिळतो आणि ती परीक्षा विज्ञान, वाणिज्य किंवा कला यांपैकी कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते, ही गोष्ट आपल्याकडच्या अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत अजूनही पोचलेली नाही. तिथे गेम डिझाइनची वेगळी पदवी नाही. पण निरीक्षण, रेखाटन, वापरकर्त्याचा अभ्यास आणि कच्चे नमुने झपाट्याने तयार करण्याची सवय ही जी शिदोरी मिळते, तीच गेम डिझायनरला पुढे लागते. त्यानंतर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा, म्हणजे एनआयडीचा, डिजिटल गेम डिझाइन हा एम.डेस. (मास्टर ऑफ डिझाइन) अभ्यासक्रम तिच्या बंगळुरू केंद्रात आहे आणि डॅट या प्रवेशपरीक्षेतून तिथे मोजक्याच विद्यार्थ्यांची निवड होते. अभियंते, वास्तुविशारद, चित्रकार एका वर्गात असल्यामुळे संघाने काम करण्याचा सराव आपोआप घडतो, आणि बावीस-तेविसाव्या वर्षी घेतलेला निर्णय सतराव्या वर्षीच्या निर्णयापेक्षा पक्का असतो. तोटाही लपवण्याजोगा नाही. जागा फार थोड्या, दोन कठीण प्रवेशपरीक्षा आणि एकूण सहा वर्षांहून अधिक काळ. केवळ याच वाटेवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

मुंबईत 2025 मध्ये सुरू झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीजची इथे दखल घ्यायला हवी. केंद्र सरकारने सुमारे 400 कोटी रुपये दिलेल्या या संस्थेची सुरुवात पेडर रोडवरील राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) आवारात झाली असून गोरेगावच्या चित्रनगरीत मोठे संकुल उभारण्याची योजना आहे. गेमिंग हा तिच्या मुख्य विषयांपैकी एक आहे. पण पहिल्या तुकड्यांचे काम बाजारात दिसेपर्यंत तिला मी पदवीचा पर्याय न मानता पदवीनंतरचे पूरक शिक्षण मानेन.

परदेशाचा विचार करताना शिक्षणाच्या दर्जाइतकाच व्हिसाचा हिशेब करावा लागतो. अमेरिकेतील डिजिपेन या संस्थेत 2005 मध्ये विद्यार्थ्यांनी केलेला ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ हा गेम पाहून व्हॉल्व्ह कंपनीने अख्खा संघ नोकरीवर घेतला आणि त्यातून 2007 मध्ये ‘पोर्टल’ आला. संधी तिथे अशा तोलामोलाच्या असतात, हे खरे. पण लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियासारख्या (यूएससी) नामांकित विद्यापीठाचे वार्षिक शुल्कच 70 हजार डॉलरच्या पुढे आहे. शिवाय तिथला अभ्यासक्रम सरकारी वर्गीकरणात विज्ञान-तंत्रज्ञानाचा आहे की कलेचा, यावर पदवीनंतर एकच वर्ष काम करता येईल की आणखी दोन वर्षे मिळतील हे ठरते, म्हणून अभ्यासक्रमाचा या वर्गीकरणातला संकेतांक प्रवेशाआधी पाहून घ्यावा. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर नोकरीसाठी मिळणारी दोन वर्षांची मुदत जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी दीड वर्षावर येत आहे. जर्मनीत कलोनच्या सरकारी उच्चशिक्षण संस्थेचे कलोन गेम लॅब शिक्षणशुल्क घेत नाही. मात्र व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो खात्यात दाखवावे लागतात आणि भारतातील नुसत्या बारावीवर तिथल्या पदवीला थेट प्रवेश बहुधा मिळत नाही. म्हणून परदेश हा पदवीपेक्षा पदव्युत्तर टप्प्यावर अधिक परवडणारा पर्याय ठरतो.

शिक्षण कुठेही घेतले तरी नोकरीचे वास्तव सारखेच. पुण्यात यूबीसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा स्टुडिओ 2008 पासून आहे; ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या तिच्या जुन्या गेमच्या पुनर्निर्मितीचे काम पुणे-मुंबईकडे असल्याचे 2020 मध्ये जाहीर झाले तेव्हा इथल्या तरुणांना हुरूप आला होता, पण 2022 मध्ये ते काम कंपनीच्या कॅनडातील माँट्रियल स्टुडिओकडे गेले. उलट त्याच 2020 साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या संघाचा ‘राजी’ हा गेम जगभर खेळला गेला, आणि पुण्याच्याच सुपरगेमिंगने 2024 मध्ये ‘इंडस’ आणला. भारतातील बहुतांश काम मोबाइल गेमचे आहे, त्यामुळे डिझायनरला खेळाडूंच्या वर्तनाची आकडेवारी वाचता येणे कथा रचता येण्याइतकेच उपयोगी पडते. ऑगस्ट 2025 मधील केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली, आणि बऱ्या पगाराच्या नोकऱ्या देणारे एक मोठे दालन एकाएकी बंद झाले. प्लेसमेंटचे त्याआधीचे आकडे कोणी पुढे केले, तर त्यांतील किती जागा अशा कंपन्यांतील होत्या, हे विचारायलाच हवे.

तेव्हा गणितात गोडी असणाऱ्याने अभियांत्रिकी घ्यावी आणि दुसऱ्या वर्षापासून गेम जॅम धरावेत. रेखाटन व निरीक्षणाची आवड असणाऱ्याने यूसीड आणि एनआयडीच्या परीक्षा द्याव्यात. खासगी बी.डेस. त्याने घ्यावी, ज्याच्या घरी कर्जाशिवाय शुल्क भरता येते आणि ज्याने बारावीपर्यंत कितीही ओबडधोबड असला तरी एखादा गेम स्वतः पुरा केलेला आहे. साताऱ्याच्या किंवा परभणीच्या ज्या विद्यार्थ्याला यांतले काहीच परवडणार नाही, त्याने जवळच्या महाविद्यालयात संगणकशास्त्राची बी.एस्सी. करावी, गेम बांधायचे गोडो आणि थ्रीडी आर्टचे ब्लेंडर ही फुकट मिळणारी साधने साध्या लॅपटॉपवर शिकावीत, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षी आयआयटींच्या एम.डेस.साठी लागणाऱ्या सीड परीक्षेला बसावे. परीक्षेला बसायला तीन वर्षांची पदवी चालते, पण प्रवेशाच्या अटी प्रत्येक आयआयटीच्या वेगळ्या असतात, त्या आधी पाहून घ्याव्यात.