दुधाच्या बाटलीला झाकण कोणतं: आट्यांचं की तारेच्या क्लिपचं?

भाच्याने काचेच्या बाटल्यांतून घरोघर दूध द्यायचं ठरवलंय, आणि गाडी अडलीय झाकणावर. मुंबईत आरेच्या बाटल्यांना पातळ अ‍ॅल्युमिनियमचं झाकण असायचं, एकदा काढलं की संपलं. त्याला परत वापरता येईल असं हवंय.

खरा प्रश्न धुण्याचा. स्टीलच्या आट्यांच्या झाकणात दुधाची साय आट्यांत आणि गळती रोखणाऱ्या आतल्या रिंगेखाली अडकते. ब्रश फिरवला नाही तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास ठरलेला. पण झाकण सुटं होतं, उकळत्या पाण्यात टाकता येतं. क्लिपचं बूच बाटलीच्या मानेला अडकवलेल्या तारेने दाबून बसतं; त्याला आटे नाहीत, ते पटकन पुसलं जातं. मात्र तारेचे सांधे बाटलीलाच चिकटलेले, तिथे ब्रश पोचत नाही. रोज चाळीस बाटल्या धुताना हे जड जातं.

गळतीत क्लिप सरस. मोटारसायकलवर आट्यांचं झाकण हादऱ्यांनी सैल होऊ शकतं.

खर्च? आट्यांचं झाकण हरवलं तर तेवढंच नवं घ्यायचं. क्लिपसाठी मानेला खाचा असलेली खास बाटली लागते, आणि गिऱ्हाईकं बाटल्या परत करतातच असं नाही!

रिंग दोन्हींत सिलिकॉनचीच घ्या. साधं रबर स्निग्धांशाने फुगतं. आणि दोन्ही झाकणं कुणी वाटेत उघडली तर कळत नाही, म्हणून वर कागदी पट्टी हवीच.

घरच्या फ्रिजमधल्या दोन-तीन बाटल्यांना क्लिप. भाच्याच्या रतिबाला आट्यांचं.