नव्या बंदिशी गाणाऱ्यांसाठी सन्मानपत्रे: बुधवार पेठेतील एका दुकानाचा अनुभव

पुण्यात अप्पा बळवंत चौकातून तांबड्या जोगेश्वरीकडे जाताना एका गल्लीत सन्मानपत्रे छापून फ्रेम करून देणारे छोटेसे दुकान लागते. गेल्या महिन्यात आमच्या संगीत मंडळासाठी तेथून सहा सन्मानपत्रे करून घेतली. काम साधे नव्हते. प्रत्येक पत्रावर एक संपूर्ण बंदिश, म्हणजे रागात बांधलेली रचना, स्वरलिपीसह (स्वर आणि मात्रा चिन्हांनी लिहून) हवी होती, आणि शहरातल्या छपाईच्या दुकानांत स्वरलिपी अचूक जुळवून मिळणे किती कठीण आहे, हे ज्यांनी प्रयत्न केला आहे त्यांना सांगायला नको.

सन्मानपत्रावर बंदिशच का, हे आधी सांगायला हवे. आमच्या मंडळाने यंदापासून हयात रचनाकारांच्या बंदिशी मैफलीत गाणाऱ्या आणि शिष्यांना शिकवणाऱ्या कलाकारांचा सत्कार करायचे ठरवले. रचनाकाराचा गौरव उशिरा का होईना, होतो. त्याची रचना स्वतःच्या मैफलीची पंधरा मिनिटे देऊन श्रोत्यांपुढे ठेवणाऱ्याचा सहसा होत नाही. जगन्नाथबुवा पुरोहित म्हणजे ‘गुणिदास’ यांनी बांधलेला जोगकंस हा राग आज सर्वत्र ऐकू येतो, त्यामागे राम मराठे, सी. आर. व्यास, जितेंद्र अभिषेकी अशा त्यांच्या शिष्यांनी तो आवर्जून गायल्याचा फार मोठा वाटा आहे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाने अशाच कामासाठी १९४५ मध्ये डिटसन पुरस्कार सुरू केला. अमेरिकी संगीतकारांच्या रचना सातत्याने वाजवणाऱ्या वाद्यवृंद संचालकांना तो दिला जातो. पहिला मान हॉवर्ड हॅन्सन यांना मिळाला. ते स्वतः संगीतकार होते, तरीही १९२५ पासून रॉचेस्टरमध्ये इतर अमेरिकी संगीतकारांच्या नव्या रचनांचे कार्यक्रम ते करत आले होते. आपल्याकडे गुरूची चीज, म्हणजे बंदिश, शिष्याने गाणे हा परंपरेचा भाग समजला जातो, म्हणूनच कदाचित त्याची वेगळी दखल घेण्याचे कोणाला सुचत नसावे. मला ही उणीव फार जाणवते.

याआधी एका दुसऱ्या दुकानातून आम्ही ॲक्रिलिकची सन्मानचिन्हे आणली होती. त्यांवर वीणेचे ठरावीक चित्र होते, खाली ‘संगीत क्षेत्रातील उल्लेखनीय योगदानाबद्दल’ हे ठरावीक वाक्य होते आणि एका बुजुर्ग गायकांच्या आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला होता. ते मोठ्या मनाने काही बोलले नाहीत, पण आम्हाला मान वर करता आली नाही.

बुधवार पेठेतल्या या दुकानाचे मालक साठीच्या पुढचे आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. मी मजकूर दिला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “गाणाऱ्या बाईंचं नाव आहे, पण चीज बांधली कोणी?” रचनाकाराचे नाव आम्ही तळाशी बारीक अक्षरांत घातले होते. त्यांनी ते बंदिशीच्या शीर्षकालगत, गायिकेच्या नावाइतक्याच आकारात घ्यायला सुचवले. हे आम्हाला स्वतःला सुचायला हवे होते.

खरी कसोटी जोगकंसातल्या एका नव्या मध्यलय बंदिशीची होती. या रागात शुद्ध आणि कोमल असे दोन्ही गंधार (ग) लागतात. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ असते. ती एका ठिकाणी जरी गळली, तरी कागदावरचा राग बदलतो. शिवाय मंद्र (खालच्या) सप्तकातल्या कोमल धैवताला (ध) खाली रेघही लागते आणि टिंबही. श्रीलिपी या मराठी टंकांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेल्या पहिल्या प्रुफात ही दोन्ही चिन्हे एकमेकांवर चढून एक काळा ठिपका तेवढा दिसत होता. त्याहून मोठी चूक तालाच्या रकान्यांत होती. बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, सोळा मात्रांच्या त्रितालाच्या नवव्या मात्रेपासून, म्हणजे ‘खाली’ या टाळी नसलेल्या जागेवरून उठतो; प्रुफात सगळे स्वर एक घर उजवीकडे सरकले होते आणि समेचा, म्हणजे पहिल्या मात्रेचा, षड्ज (सा) दुसऱ्या मात्रेवर जाऊन बसला होता. काकांना गाण्यातले काही कळत नाही, हे त्यांनीच सांगितले. पण त्यांनी मला मुखडा हलक्या आवाजात म्हणायला लावला, स्वतः बोटाच्या पेरांवर सोळा मोजले, आणि चूक कुठे आहे ते त्यांचे त्यांनाच सापडले. त्यानंतर त्यांनी सोळा रकाने नव्याने आखले, प्रत्येक रेघ आणि टिंब कोरल ड्रॉ या आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने बसवले आणि तिसरे प्रूफ निर्दोष दिले. जादा प्रुफांचे पैसे घेतले नाहीत.

कागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा वापरला होता. त्याच्या खरखरीत पोतावर काळी शाई छान उठते. फ्रेम सागवानी, बिनाकलाकुसरीची. ए-थ्री आकाराच्या एका नगाला सर्व मिळून १,४५० रुपये पडले. तयार सन्मानचिन्हांच्या मानाने हा खर्च जास्त आहे, पण कामाच्या मानाने मला तो रास्त वाटला.

उणिवाही आहेत. काम सहा दिवसांत देण्याचे ठरले होते, दहा दिवस लागले. बांधणी केवळ वर्तमानपत्राची असल्यामुळे घरी नेताना एका फ्रेमचा कोपरा टवकला. सर्वांत मोठी उणीव काचेची. कार्यक्रमात ही जोगकंसातली बंदिश गाणाऱ्या ताईंना सन्मानपत्र दिले, तेव्हा त्यांनी चष्मा चढवून आधी सम शोधली, आणि आभाराचे भाषण करण्याऐवजी फ्रेम हातात धरूनच मुखडा गायला सुरुवात केली. पहिल्या रांगेत बसलेले रचनाकार उठून उभे राहिले. पण व्यासपीठावरचे दिवे चकचकीत काचेत असे परावर्तित होत होते की अंतऱ्याची (बंदिशीच्या दुसऱ्या भागाची) पहिली ओळ वाचण्यासाठी ताईंना फ्रेम दोनदा तिरकी करावी लागली. नंतर चौकशी केली तेव्हा काकांनी सांगितले की चमक न मारणारी काच त्यांच्याकडे असते, नगामागे दोनशे रुपये जास्त पडतात, पण गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय ते दाखवत नाहीत. ही काच त्यांनी आपणहून दाखवायला हवी.

एवढे असूनही पुढच्या वर्षीचे काम मी त्यांच्याकडेच देणार आहे. जाताना स्वरलिपी चौकटीच्या वहीत स्वच्छ अक्षरांत लिहून न्यावी, मोबाइलवरचा फोटो त्यांना वाचता येत नाही. मुखडा कोणत्या मात्रेवरून उठतो तेही वर लिहावे. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे दुकानात लग्नपत्रिकांची गर्दी असते, तेव्हा नवे काम ते घेत नाहीत.